मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदान: आर्ट डेको इमारतींची पायी फेरी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही फेरी नेमकी कशाची आहे?

मरीन ड्राइव्हवर आलेला माणूस आधी कट्टा गाठतो आणि समुद्राकडे तोंड करून बसतो. मीही कित्येक वर्षं तसाच बसलो. संध्याकाळी गिरगावातल्या चाळीतून आजीचं बोट धरून निघायचं, चर्नी रोडचा पूल ओलांडायचा, कट्ट्यावर चणे खायचे, लाटा बघायच्या आणि दिवे लागले की घरी. आजी याला ‘हवा खायला जाणं’ म्हणायची. पाठीमागच्या इमारती म्हणजे श्रीमंतांची घरं, यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नव्हतं. त्या घरांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा माझी तिशी उलटली होती.

या फेरीत आपण समुद्राकडे पाठ करतो. ओव्हल मैदानाची पश्चिम कड, ईरॉस चित्रपटगृह, वीर नरिमन रस्ता आणि मग मरीन ड्राइव्हने उत्तरेला गिरगाव चौपाटीपर्यंत, असं साधारण साडेतीन किलोमीटर चालतो. वाटेत 1930 आणि 1940 च्या दशकांतली घरं, एक सिनेमागृह, एक क्रिकेटचं मैदान आणि या सगळ्याच्या खाली असलेला समुद्राचा भराव पाहतो. पाहणं सावकाश असतं. एकाच जिन्याच्या खिडकीसमोर आपण दहा मिनिटं उभे राहिलो तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आर्ट डेको म्हणजे काय? मला वास्तुकलेतलं काहीच कळत नाही.

कळायची गरज नाही, बघायची तयारी हवी.

1925 मध्ये पॅरिसला सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या फ्रेंच नावावरून पुढे ‘आर्ट डेको’ हा शब्द आला, आणि तोही रुळला 1960 च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे ही घरं बांधणाऱ्यांनी हा शब्द ऐकलेलाच नव्हता. त्यांच्या लेखी ही फक्त ‘मॉडर्न’ पद्धत होती. मोटार, आगबोट, विमान, बोलपट आणि वीज नुकती हाताशी आली होती. तो वेग आणि ती चमक घराच्या भिंतीवर उतरवावी, एवढी साधी ओढ त्यामागे होती.

ओळखायचं कसं? इमारतीचा कोपरा काटकोनात न तुटता गोल वळलेला दिसेल. प्रत्येक खिडकीवर, डोळ्यावर भुवई असावी तसा, काँक्रीटचा सलग छज्जा असेल. दर्शनी भिंतीवर तीन-तीन आडव्या रेषा ओढलेल्या दिसतील, जणू इमारत पळते आहे. जिन्याच्या उभ्या पट्ट्यात गोल खिडक्या असतील, त्या बोटीच्या खिडक्यांवरून घेतलेल्या. गच्चीचा लोखंडी कठडाही जहाजाच्या डेकसारखा. फाटकाच्या जाळीत उगवत्या सूर्याचे किरण असतील, नाहीतर वर उसळून तिथेच थिजलेलं कारंजं. आणि इमारतीचं नाव! त्या अक्षरांसाठी मी लोकांना खास थांबवतो. फाटकावर किंवा प्रवेशद्वाराच्या माथ्यावर सिमेंटमध्ये घडवलेली रोमन अक्षरं, आणि बहुतेक इमारतींची लिपी आपापली, वेगळी.

मुंबईतली डेको मात्र पॅरिसची नक्कल नाही. इथे ऊन आहे, चार महिने पाऊस आहे आणि पश्चिमेचा वारा आहे. म्हणून छज्जे खोल झाले, बाल्कन्या समुद्राकडे पुढे आल्या. सजावटीत कमळं आली, लक्ष्मी आली, हत्ती आले.

ही जमीन खरंच समुद्रात भर घालून केलेली आहे?

हो. आणि तिची कहाणी इमारतींइतकीच रंजक आहे, त्यामुळे हे उत्तर थोडं लांबणार.

ओव्हलवर उभं राहून पूर्वेला पाहिलं तर राजाबाई टॉवर दिसतो. तो प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने दिलेल्या पैशातून उभा राहिला. हेच प्रेमचंदशेठ 1860 च्या दशकात बॅकबे, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हसमोरचा उपसागर, बुजवायला निघालेल्या कंपनीच्या मागे होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि न बुजवलेल्या समुद्राचे शेअर लोकांनी वेड लागल्यासारखे घेतले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कंपनी बुडाली. समुद्र जिथल्या तिथे राहिला.

पुढे कित्येक दशकं ओव्हलच्या पश्चिमेला रस्ता, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ आणि त्याला लागून पाणी, असंच चित्र होतं. तेव्हा गाड्या चर्चगेटला संपत नसत, पुढे कुलाब्यापर्यंत जात. 1930 च्या अखेरीला कुलाबा स्थानक बंद झालं आणि चर्चगेट हे शेवटचं स्थानक झालं.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सरकारने स्वतः हे काम अंगावर घेतलं. भराव आठ भागांत घालायचा होता. समुद्रात भिंत बांधायची आणि तिच्या आत बंदरातला गाळ ड्रेजरने उपसून टाकायचा, अशी योजना. पण भिंतीतून गाळ निसटत राहिला, खर्चाचे आकडे फुगत गेले आणि शहरात या कामाला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले. हा सगळा गैरकारभार चव्हाट्यावर आणला तो खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण पारशी वकिलाने. भरावाचं काम पाहणाऱ्या खात्यातल्या हार्वी नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातून निर्दोष सुटले. आज आपण ज्या वीर नरिमन रस्त्यावरून समुद्राकडे जातो तो त्यांच्याच नावाचा, आणि नरिमन पॉइंटही. भरावातल्या भ्रष्टाचाराशी लढलेल्या माणसाचं नाव भरावाच्याच जमिनीला मिळालं, याचं मला प्रत्येक फेरीत समाधान वाटतं.

आठांपैकी चारच भाग तेव्हा पुरे झाले. त्यातली बरीचशी जमीन लष्कराकडे गेली. उरलेल्या जमिनीवर आपली फेरी चालते.

ही घरं इंग्रजांनी बांधली ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटात येतो आणि मी त्याची वाटच बघत असतो. नाही, ही घरं बहुतांशी आपल्या लोकांनी आपल्यासाठी बांधली.

ओव्हलच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, जुनं सचिवालय आहे. ते दगडी, टोकदार कमानींचे, राज्यकर्त्यांचे. पश्चिमेला, फक्त एक मैदान ओलांडलं की, गुजराती, पारशी, मारवाडी, सिंधी, मुसलमान व्यापाऱ्यांनी पैसा घातलेली घरं आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशांचे नकाशे भारतीय वास्तुविशारदांनी काढलेले आहेत. मधल्या हिरवळीवर उभं राहिलं की साठ-सत्तर वर्षांत शहर कसं पालटलं ते मान वळवली की दिसतं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या चेंडूवर मात्र लक्ष ठेवा.

या वास्तुविशारदांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते गजानन बाबुराव म्हात्रे. जन्म 1902, मृत्यू 1973. ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट त्यांचं, आणि वीर नरिमन रस्ता जिथे मरीन ड्राइव्हला मिळतो त्या कोपऱ्यावरचा 1937 चा सूना महालही त्यांचाच. म्हात्र्यांच्या कामात दिखाऊपणा नसतो. कोपरा कसा वळवायचा, जिन्यात उजेड कुठून घ्यायचा, बाल्कनीचा कठडा किती उंच ठेवायचा, या गोष्टी त्यांनी इतक्या प्रेमाने सोडवल्या आहेत की त्यांची इमारत पाहताना डोळा कुठे अडखळत नाही. आपल्याकडे नाटककारांची, गायकांची नावं घराघरांत माहीत असतात. ज्या माणसाने मुंबईला तिचा चेहरा दिला त्याचं नाव मात्र मी विचारलं की गटात क्वचितच कुणाचा हात वर होतो.

दुसरं नाव ‘मास्टर, साठे अँड भुता’ या कचेरीचं. फोर्टमधली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत आणि फिरोजशहा मेहता रस्त्यावरची, माथ्यावर लक्ष्मी असलेली लक्ष्मी इन्शुरन्सची इमारत ही त्यांची कामं. न्यू इंडियाच्या दर्शनी भिंतीवरची उंच माणसं शिल्पकार नारायण गणेश पानसरे यांनी घडवली. ती कष्टकरी माणसं आहेत, शेतात आणि हातमागावर दिसतात तशी. विमा कंपनीच्या दारावर राजेरजवाडे नाहीत, राबणारे लोक आहेत. स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी असं दार घडवणं म्हणजे किती मोठी गोष्ट, हे मी जमेल तसं सांगत असतो. ही इमारत आपल्या वाटेवर येत नाही, पण फेरी संपल्यावर ज्यांच्या पायांत बळ असेल त्यांना मी आनंदाने तिथे नेतो.

फेरीत कोणकोणत्या इमारती दाखवता?

सुरुवात ओव्हलच्या पश्चिमेला महर्षी कर्वे रस्त्यावर. पूर्वीचा हा क्वीन्स रोड. राणीचं नाव जाऊन स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अण्णासाहेब कर्व्यांचं नाव आलं. इथे एम्प्रेस कोर्ट, रज्जब महाल, कोर्ट व्ह्यू, शिव शांती भुवन, क्वीन्स कोर्ट, ग्रीन फील्ड्स अशी ओळच्या ओळ आहे. सगळ्यांची उंची जवळपास सारखी आणि तरी एकही दुसरीसारखी नाही. उंची, रस्त्यापासूनचं अंतर, कुंपणभिंत यांचे नियम प्लॉट देतानाच बांधून दिलेले होते. ती शिस्त पाळून प्रत्येकाने आपला वेगळेपणा जाळीत, रंगात, अक्षरांत आणि कठड्यात ओतला.

मग ईरॉस. शोराबजी भेदवार यांचं हे काम, पाया 1935 चा, चित्रपटगृह सुरू झालं 1938 मध्ये. दोन रस्त्यांच्या बेचक्यात बसवलेली इमारत आहे. दोन पंख दोन रस्त्यांना धरून आणि मध्ये पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला गोल मनोरा. खालचा लाल दगड आग्र्याचा, वरचा भाग फिकट पिवळसर. चर्चगेटला लोकलमधून उतरून ऑफिसकडे धावणाऱ्या लाखो लोकांनी ती पाहिली आहे आणि थांबून फार थोड्यांनी. मध्ये काही वर्षं ती बंद होती, आता पुन्हा पडदा उजळला आहे.

वीर नरिमन रस्त्यावर ब्रेबर्न स्टेडियम येतं. तेही भरावाच्या जमिनीवरचं, 1937 चं. ग्रेगसन, बॅटली अँड किंग यांची रचना. त्यातले क्लॉड बॅटली हे जे. जे. कलाशाळेत वास्तुकला शिकवत आणि त्यांच्या हाताखालून पुढच्या पिढीचे कितीतरी विद्यार्थी गेले.

सूना महालच्या कोपऱ्यावर पोचलो की समुद्र एकदम अंगावर येतो. तिथे मी लोकांना पाच मिनिटं मोकळं सोडतो. ज्याला समुद्र बघायचा त्याने बघून घ्यावा. नंतर मात्र सगळ्यांनी पाठ फिरवायची. इथून उत्तरेला कपूर महाल, झवेर महाल आणि केवल महाल ही तीन भावंडं लागतात. पुढे शॅटो मरीन, कृष्ण महाल आणि इतर. उजवीकडे जिमखान्यांची मोकळी मैदानं सुरू झाली की डोळ्यांना विसावा मिळतो. हिंदू, इस्लाम, पारशी असे धर्मवार जिमखाने आणि त्यांचे क्रिकेटचे सामने हा मुंबईच्या इतिहासाचा वेगळाच अध्याय आहे. त्यात मी शिरलो तर दुपार होते, म्हणून शिरत नाही.

शेवट गिरगाव चौपाटीला, लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी. 1 ऑगस्ट 1920 ला सरदारगृहात लोकमान्य गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूत झाले.

नर्गिसचं घर दाखवता का?

बाहेरून, हो. नर्गिस शॅटो मरीनमध्ये राहत आणि सुरैया कृष्ण महालमध्ये. आजी-आजोबांच्या वयाची मंडळी गटात असली की इथे गाणी निघतातच. मी आडकाठी करत नाही.

इमारतींच्या आत जाता येतं का?

नाही. माझा एवढा एकच नियम कडक आहे.

ही लोकांची राहती घरं आहेत. दुसऱ्या मजल्यावर कुणाचे आजोबा आजारी असतील, तळमजल्यावर कुणी नुकतंच तान्हं बाळ झोपवलं असेल. सुरुवातीच्या दिवसांत एकदा आमच्या गटातले एक गृहस्थ जिना बघायच्या उत्साहात फाटकातून सरळ आत गेले. वॉचमन धावत आला, आवाज चढले, वरच्या बाल्कनीतून एक बाई काळजीने डोकावू लागल्या. चूक माझी होती. आधी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं. मी वर जाऊन माफी मागितली. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘बघा हो, पण विचारून बघा.’ मग त्यांनीच मला एकट्याला जिना दाखवला. मोझेकच्या फरशीत काळ्या-पिवळ्या पट्ट्या, लाकडी कठड्याची गुळगुळीत मूठ आणि लिफ्टच्या जाळीत तेच कारंजं, जे मी वर्षभर फाटकावर दाखवत होतो. घराच्या आत-बाहेर एकच नक्षी फिरवलेली असते, हे मला तिथे समजलं.

तेव्हापासून आपण फुटपाथवरूनच बघतो. एखाद्या रहिवाशाने आपणहून बोलावलं तर वेगळी गोष्ट. तसं कधीकधी होतंही.

या घरांत पहिल्यांदा राहायला आलेल्यांना काय वेगळं वाटलं असेल?

त्या काळी मुंबईकर एकतर वाड्या-बंगल्यात राहत, नाहीतर चाळीत. चाळीत सामायिक नळ, सामायिक संडास आणि सगळ्यांची मिळून एक गॅलरी. इथे ‘ब्लॉक’ आला. आपल्या मराठीत हाच शब्द रुळला आणि माझ्या आईच्या तोंडी शेवटपर्यंत तोच होता. एकाच दाराआड स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास आणि झोपायची खोली. संडास घरात, स्वयंपाकघराशेजारी, ही कल्पना अनेकांना पचायला जड गेली. सोवळ्या-ओवळ्याचे प्रश्न आले. 1937 मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने टाऊन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं. नव्या घरात राहायचं कसं हे लोकांना दाखवून द्यावं लागत होतं, असा तो काळ.

एक गोष्ट मी झाकत नाही. अनेक इमारतींना मागच्या बाजूने दुसरा जिना आहे. तो सफाई करणाऱ्यांसाठी आणि घरकाम करणाऱ्यांसाठी. दर्शनी भाग कितीही आधुनिक असला तरी माणसामाणसांतला भेद नकाशात काढून ठेवलेला होता. मागची गल्ली दिसते तिथे मी तो जिना दाखवतो.

युनेस्कोच्या यादीत हे कधी आलं?

30 जून 2018 ला, बहरीनमधल्या मनामा शहरात झालेल्या बैठकीत. नोंद ‘मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह’ अशी आहे, म्हणजे ओव्हलच्या दोन्ही बाजू एकत्र. त्यात 94 इमारती येतात. घारापुरीची लेणी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्यानंतरचं मुंबईतलं हे तिसरं जागतिक वारसास्थळ.

त्यामागे नागरिकांचे श्रम आहेत. ओव्हलच्या आणि चर्चगेटच्या रहिवाशांच्या संघटनांनी अनेक वर्षं धावपळ केली, वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी प्रस्ताव तयार केला, राज्य आणि केंद्र सरकारने तो पुढे नेला. ओव्हल मैदान स्वतः एकेकाळी कचऱ्याने आणि गैरप्रकारांनी भरलेलं होतं. ते आज हिरवं आहे तेही रहिवाशांनी जबाबदारी घेतली म्हणून.

इतक्या महत्त्वाच्या इमारती मग काही ठिकाणी इतक्या खराब का दिसतात?

पहिलं कारण समुद्र. ही घरं आरसीसीची, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची आहेत. खाऱ्या हवेतलं मीठ भेगांतून आत सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढलप्या सुटून पडतं. सगळ्यात आधी बळी जातात ते छज्जे आणि बाल्कन्या, म्हणजे नेमका ज्यांनी या इमारतीला तिचं रूप दिलं तो भाग.

दुसरं कारण पैसा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात जिन्याचे दिवे लावणंही कठीण, आणि पागडीच्या भाडेकरूला वाटतं की इमारत आपली नाही, आपण का खर्च करावा. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. भोगते ती इमारत.

तिसरं कारण आपली सोय. बाल्कनी बंद करून खोली वाढवणं, लाकडी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची सरकती बसवणं, दर्शनी भिंतीवर एसीची यंत्रं टांगणं. घरात माणसं वाढली, उकाडा वाढला, हे मला कळतं. तरी म्हात्र्यांनी वळवलेल्या कोपऱ्यात लोखंडी पिंजरा लावलेला पाहिला की मला खरोखर वाईट वाटतं. 1995 पासून मुंबईत वारसा नियमावली आहे, त्यामुळे पाडापाडीला बराच आळा बसला. पण एकेक खिडकी बदलत जाणं नियमांना फारसं थांबवता येत नाही. ते घरातल्या माणसाला त्या खिडकीची किंमत कळली तरच थांबतं. काही सोसायट्यांनी जुने फोटो शोधून मूळ जाळ्या आणि अक्षरं परत घडवून घेतली आहेत. त्या इमारतींसमोर मी मुद्दाम जास्त वेळ थांबतो.

मायामीनंतर मुंबईचा नंबर लागतो असं म्हणतात. खरं?

डेको इमारतींच्या संख्येबाबत तसं सर्रास म्हटलं जातं. मला मोजणीपेक्षा फरक महत्त्वाचा वाटतो. मायामी बीचवर समुद्राला लागून आहेत ती मुख्यतः छोटी हॉटेलं, सुट्टीवर आलेल्यांसाठी. ती पाडली जाणार असं दिसल्यावर बार्बरा कॅपिटमन या बाईंनी 1976 मध्ये संस्था काढून लढा दिला आणि 1979 मध्ये तो सगळा भाग तिथल्या राष्ट्रीय नोंदणीत आला. आपल्याकडे समुद्रावर आहेत ती मुख्यतः घरं. तिथे माणसं वाढली, लग्नं झाली, भांडणं झाली, बारशी झाली. अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींनी फ्लोरिडाला गेल्यावर ओशन ड्राइव्हची फेरी जरूर करावी. दोन्ही पाहिलेल्यांशी गप्पा मारायला मला फार आवडतं.

भेटायचं कुठे आणि किती वाजता?

रविवारी सकाळी साडेसातला, ओव्हलच्या पश्चिमेच्या फुटपाथवर. चर्चगेट स्थानकातून चालत पाच-सात मिनिटं. मेट्रो 3 चं चर्चगेट स्थानकही जवळ आहे. रविवारी पश्चिम रेल्वेचा जंबो ब्लॉक असू शकतो. शनिवारी रात्रीच वेळापत्रक बघून ठेवा, विशेषतः परतीसाठी. गाडी आणू नका.

उन्हाचं, पावसाचं काय?

मरीन ड्राइव्हवर सावली जवळपास नाही. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. एप्रिल-मेमध्ये आपण साडेसहाला निघतो.

पावसाळ्यातही फेरी असते आणि माझ्या मते ती सर्वांत सुंदर असते. छज्जे कशासाठी आहेत हे पाऊस पडत असताना एका क्षणात कळतं. मात्र मोठ्या भरतीचा दिवस असेल तर फेरी रद्द होते. लाटा टेट्रापॉडवरून, म्हणजे कट्ट्याखालच्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवरून, उडून रस्त्यावर येतात आणि पालिका कट्ट्यापासून लांब राहायला सांगते. ते ऐकायचं असतं. टेट्रापॉडवर उतरण्याची परवानगी मी कुठल्याही ऋतूत देत नाही.

लहान मुलं आणि ज्येष्ठ नागरिक येऊ शकतात का?

जरूर. मुलांना मी गोल खिडक्या मोजायला लावतो. ती मोठ्यांपेक्षा जास्त शोधून काढतात. ज्येष्ठांसाठी चौपाटीपर्यंतची सक्ती नाही. सूना महालापासून टॅक्सी मिळते, चर्चगेटही जवळ आहे. चाकाच्या खुर्चीवर येणार असाल तर आधी कळवा. मरीन ड्राइव्हचा फुटपाथ रुंद आणि सपाट आहे, पण महर्षी कर्वे रस्त्यावर काही ठिकाणी उतार नाहीत, तिथे दोन माणसं मदतीला लागतात.

फोटो काढू शकतो का?

इमारतींचे हवे तेवढे. बाल्कनीत उभ्या माणसांचे नाहीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर कॅमेरा रोखायचा नाही. ड्रोन आणू नका, मुंबईत पोलिसांच्या परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

वाटेत खायला मिळेल?

निघताना चहा आणि ब्रून मस्का चर्चगेटच्या आसपास. ब्रेबर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तमचं आइस्क्रीम मिळतं, दोन पातळ बिस्किटांमध्ये जाड वडी. पण ते दुकान सकाळी लवकर उघडत नाही, त्यासाठी परत यावं लागेल.

मरीन लाइन्स हे नाव मरीन ड्राइव्हवरून पडलं का?

उलट समजू नका. मरीन ड्राइव्ह होण्याच्या कितीतरी आधी तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या, ‘लाइन्स’ त्यांच्या. चर्चगेटचंही तसंच. तो फोर्टच्या तटबंदीतला सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा होता आणि तो आजच्या हुतात्मा चौकाजवळ होता. तटबंदी 1860 च्या दशकात पाडली, नाव मात्र राहिलं आणि स्थानकाला चिकटलं. मरीन ड्राइव्हचं अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग आहे, हेही अनेकांना इथेच कळतं.

फेरी फक्त मराठीतच का?

इंग्रजीत या भागाच्या चांगल्या फेऱ्या आहेत आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो. पण माझ्या काकांनी फोर्टमधल्या एका बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली. रोज चर्चगेटला उतरून ईरॉससमोरून गेले. निवृत्त झाल्यावर मी त्यांना इथे आणलं आणि म्हात्र्यांचं नाव सांगितलं. ते एम्प्रेस कोर्टकडे बघत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अरे, हे मला कुणी मराठीत सांगितलंच नाही.’ त्यानंतर दोन महिन्यांनी मी पहिली फेरी काढली. त्यात काका होते, त्यांचे तीन मित्र होते आणि शेजारच्या वहिनी.

दक्षिण मुंबईत येणं जमत नाही. अशा इमारती दुसरीकडे कुठे बघता येतील?

दादर-माटुंग्याला जा. शिवाजी पार्कच्या भोवताली, हिंदू कॉलनीत, फाइव्ह गार्डन्सपाशी याच काळातली घरं आहेत. तीन-चार मजली, लहान आणि समुद्रावरच्या भावंडांपेक्षा साधी. ती मध्यमवर्गाची, त्यातली पुष्कळशी मराठी माणसांची. तिथे कारंजी आणि सूर्यकिरण कमी दिसतील, पण गोल वळलेली बाल्कनी, छज्ज्याची भुवई आणि जिन्याची उभी जाळी नक्की सापडेल. पुनर्विकासाचा जोर तिथे जास्त आहे. गेल्या वर्षी मी ज्या फाटकावरची अक्षरं वहीत उतरवून घेतली, त्या जागी आता पत्रे लागले आहेत. तेव्हा तुमच्या गल्लीत अशी एखादी इमारत असेल तर तिचं नाव, तिची जाळी आणि जिन्यातली फरशी यांचा फोटो काढून ठेवा आणि फेरीला येताना बरोबर आणा. चौपाटीवर पोचल्यावर आपण सगळे ते फोटो मिळून बघतो.